वार बदलायचा नाही

अगं,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, मी वाचला सकाळी. पावणेबारापर्यंत जागी राहणारी मुलगी पहाटे पाचला सिंहगडाच्या पायथ्याशी हजर असते, याबद्दल तुझं कौतुक करावं की तुला झापावं हे माझं अजून ठरलेलं नाही. पाच ग्रुपवर टाकलंस, 'रविवारी लाँग रनला कोण येणार?' चौदा जणांनी अंगठा दिला. आतकरवाडीत पोचलीस तर चौदातला एक नाही. सहापर्यंत स्कूटरला टेकून बसलीस, उजाडलं, आणि एक पाऊल न धावता वाकडला परत. वर मला विचारतेस, 'मावशी, माझ्यातच काही खोट आहे का?'

खोट तुझ्या प्रश्नात आहे. 'कोण येणार?' म्हटलं की लोक अंगठा देतात, अंगठा द्यायला काय जातं? पूर्वी सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे, आता सगळे इंजिनियर आहेत एवढाच फरक. तू कोणाला काही विचारू नकोस. सांग. अमुक वार, पहाटे पाच, आतकरवाडी, पाच तास, मी आहे. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच, मग पाऊस असो नाहीतर कोणाचं लग्न असो. वार बदलायचा नाही.

'आणि एकही आलं नाही तर?' हे तू विचारणारच. मग वाट बदल, वार नाही. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतच्या टेकड्या अंधारात एकटीने करायच्या नाहीत. पंधरा-सोळा किलोमीटरची ती धार, मधेच पाय मुरगळला तर खाली उतरायला धड वाट नाही, फोनची रेंज येते-जाते, आणि टेकड्यांवरच्या लूटमारीच्या बातम्या तूही वाचतेस. (मी एकदा केल्या आहेत एकटीने. घरी अजून माहीत नाही.) त्या दिवशी सरळ आतकरवाडीची पायवाट धर. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर, सहाशे मीटरच्या आसपास चढ. तीनदा वर, तीनदा खाली. कंटाळा येतो, मान्य. पण सुट्टीच्या पहाटे त्या वाटेवर माणसांची रीघ असते, बाई एकटी पडत नाही. आणि डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही शर्यत करताना मांड्यांना उतार आठवायला हवा असेल, तर तो असाच तीन-तीनदा उतरून शिकवावा लागतो.

हे मला कोणी शिकवलं ते सांगते. २००९ साल, मी एक्केचाळीसची, बँकेत कॅश काउंटरला. साखर काठावर आली म्हणून डॉक्टर म्हणाले चाला, मी सिंहगड धरला. दर वेळी एक ताकवाली माझ्या पुढे असायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दह्याची मडकी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. पायात रबरी चप्पल, एक टाच झिजून पार तिरकी झालेली. एक हात पाटीला, दुसरा मोकळा, झाडाच्या मुळीला टेकायला. मी हजारोंचे बूट घालून तिच्या मागे धापा टाकतेय. ती पळायची नाही आणि थांबायचीही नाही. एकदा मागे न बघताच म्हणाली, "बाई, चवड्यावर नाचू नगा, पाऊल पुरतं टेका." टेकलं. पोटऱ्या पेटायच्या थांबल्या. पुढे डोंगरात धावण्याबद्दल मी बरंच काही वाचलं, पण एवढं कामाचं वाक्य कुठे सापडलं नाही.

तिला मी विचारलं होतं, रोज अंधारात निघता, सोबत कोण असतं? म्हणाली, "सोबत कशाला हुडकू? मी पाचला निघते. ज्याला यायचं त्यो पाचला येतो." आणि येत होते की! लिंबू-सरबतवाला एक पोरगा, शेंगांची पिशवी घेतलेले एक आजोबा, कधी तिची जाऊ, आणि मी. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. ती पाचला तिथे असणार हे माहीत होतं, म्हणून आम्ही पाचला तिथे असायचो.

आमचा काउंटरसुद्धा दहाला उघडायचा, गिऱ्हाईक असो नसो. वारीत कोणी विचारतं का, 'उद्या दिवेघाट कोण कोण चढणार'? पालखी ठरल्या दिवशी निघते, चालणारे येऊन मिळतात. इथले काहीजण कॉम्रेड्ससाठी डर्बनला जाऊन आलेत. १९२१ पासूनची ती नव्वदेक किलोमीटरची शर्यत, बारा तासांची मुदत. तिथे 'बस' असते म्हणे. बस म्हणजे अनुभवी माणसाच्या मागे एका लयीत चाललेला अनोळखी लोकांचा घोळका. त्या पुढच्या माणसाला ड्रायव्हर म्हणतात. त्याने वेळ आधीच सांगितलेली असते, ज्यांना त्या वेळेत पोचायचंय ते मागे लागतात. तू ड्रायव्हर हो. वेग बेताचा असला तरी चालतो, बसला वेळापत्रक लागतं.

वेग जुळत नाही ही तुझी दुसरी रड. खड्या चढावर सगळेच चालतात गं, ज्याची मॅरेथॉन सव्वातीन तासांत होते तोसुद्धा गुडघ्यावर हात देऊन चालतो. फरक पडतो उतारावर आणि सपाटीवर. त्यावर आमचा साधा नियम होता: जो आधी माथ्यावर पोचेल त्याने उभं राहून फोटो काढायचे नाहीत, परत खाली यायचं, शेवटच्याला गाठायचं आणि त्याच्याबरोबर पुन्हा वर जायचं. त्याचा चढ वाढतो, मागच्याला सोबत मिळते. हे ज्याला पटत नाही तो आपोआप गळतो, त्याला गळू दे. आणि किलोमीटर मोजणाऱ्यांपासून जरा लांब राहा. रस्त्यावर पंचवीस किलोमीटर तीन तासांत होतात, तेच आपल्या डोंगरात पाच तास खातात. घोळक्याला तास सांग, अंतर सांगू नकोस, म्हणजे कोणी वाटेत घड्याळ बघून कुरकुरणार नाही. खायला राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे ने, पाकिटातले गोड एनर्जी जेल चौथ्या तासाला घशाखाली उतरत नाहीत. बाकीचं तुला माहीत आहे.

आता एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस.

माझा एक जोडीदार होता. तीन वर्षं, दर रविवारी. राजगडाच्या संजीवनी माचीतून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार आम्ही किती वेळा केली मोजलं नाही. कमरेइतकं वाळलेलं गवत, खाली घसारा, तो पुढे काठीने गवत बाजूला सारतोय आणि अखंड बडबडतोय. बोलणारा माणूस पुढे असला की वाट संपते. मग त्याचे वडील अंथरुणाला खिळले. मदतनीस बाईची सुट्टी रविवारी, घरात दुसरं कोणी नाही. त्याने मला विचारलं, "थोडे दिवस शनिवार करूया का?"

मी नाही म्हटलं. सगळं समजावून सांगितलं. तोवर आम्ही सहाजण झालो होतो, बाकीच्यांना रविवारच जमायचा. एकासाठी हलवला असता तर पुढच्या महिन्यात दुसऱ्यासाठी हलवावा लागला असता, आणि दिवाळीपर्यंत घोळका फुटला असता. मी असे चार ग्रुप फुटताना पाहिलेत, सगळे 'या वेळी शनिवारी करूया का'वर फुटले. तेव्हा मी बरोबरच होते. आजही तो घोळका चालू आहे, त्यात आता अकराजण आहेत, हा काय पुरावा नाही?

शनिवारी सकाळी मी घरीच असायचे हेही खरं. चहा पीत, पेपर वाचत. रविवार रविवारच ठेवून त्याच्यासाठी एक शनिवार वेगळा काढता आला असता. तास-दीड तास, नुसती वेताळ टेकडी. पण ते मला सुचलं दोन वर्षांनी. त्याने परत विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मागच्या वर्षी मंडईत भेटला, हातात मेथीची जुडी. वडील गेले होते. बरंच बोललो, आणि निघताना हसून म्हणाला, "काय म्हणतोय तुझा रविवार?" त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं असेल. मी तिथेच उभी राहून भाजीवाल्याकडे उगाच तीन किलो बटाटे तोलून घेतले.

म्हणून वार बदलावा, असं मी म्हणत नाहीये. वार बदलायचा नाही. बदललास तर मला मेसेज करू नकोस, मी आधीच सांगितलंय. फक्त वार ठरवतानाच नीट ठरव. घरचं कोण आजारी आहे, ऑफिसची शिफ्ट कधी लागते, कुठल्या दिवशी तुला रात्री दहाला झोपता येतं, हे आधी बघून घे, आणि मग डिसेंबरपर्यंत खिळा ठोक. पहिले तीन-चार आठवडे कोणी येणार नाही. पाचव्याला एखादी येईल, बहुधा तुझ्याहून हळू असेल. तिला टाकून पुढे जाऊ नकोस.

आणि हो, तुझा वार अजून ठरलेला नाही ना? माझा रविवार लागलेला आहे, तो काही सुटायचा नाही. शनिवारी मात्र मी मोकळी असते. गुडघा पहिल्यासारखा राहिला नाही, एकदाच चढेन, पुढच्या दोन फेऱ्या तू कर, मी वर दह्यापाशी बसते. गुरुवारपर्यंत कळव. आणि टॉर्चमध्ये नवे सेल घाल, त्या दिवशीच्या फोटोत उजेड अगदी पिवळा दिसत होता.

— मावशी