आईचं घर विकायचं का?

"आई आता एकटी राहू शकत नाही आणि तिथून हलायलाही तयार नाही. काय करू?" मुंबईतली पन्नाशीची मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला हे विचारत येतात, तेव्हा त्यांचं पुढचं वाक्यही मला ठाऊक असतं: "तुम्हीच तिला समजावा." समजावण्याचं काम मी घेत नाही. हट्टाच्या तळाशी एखादा विचार असतो. तो हाती लागला की हट्ट बहुधा आपोआप सैल होतो, असं मी मानते.

विलेपार्ले पूर्वेच्या एका काकूंचं सांगते. (तपशील बदललेत.) पंच्याहत्तरीला टेकलेल्या, यजमान गेलेले. जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षं नुसती चाललेली. पुण्याच्या मुलाला दोनच वाटा दिसत होत्या: फ्लॅट विकून आईने वाकडला यावं, नाहीतर कर्जतकडचा एखादा बरा वृद्धाश्रम.

"पार्लं सुटलं तर मी जगायची नाही," काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पुढच्या भेटींतही गाडी तिथेच अडायची.

एकदा मी म्हटलं, "काकू, पार्ल्यातला तुमचा दिवस कसा जातो ते सांगा."

त्या खुलल्या. सकाळी बाजारातून निवडून आणलेली भाजी, भजनी मंडळ, लोकमान्य सेवा संघातलं व्याख्यान, येताना मैत्रिणीकडे चहा. मुलगा मध्ये बोलू पाहत होता, त्याला मी खुणेनंच थांबवलं.

"हे सगळं शेवटचं कधी केलंत?"

काकू बराच वेळ गप्प. "गुडघे धरले तेव्हापासून जिना झेपतच नाही." मग एकदम हसल्याच. "म्हणजे मी पार्ल्यात राहते कुठे? मी तिसऱ्या मजल्यावर राहते!"

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हाती आलेलं निसटतं, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. मुलगा मात्र चटकन म्हणाला, "आई, मग लिफ्टवाल्या इमारतीत भाड्यानं घर बघूया? इथेच?" घर म्हटलं की विकणं किंवा ठेवणं, इतकंच त्याच्या डोक्यात आलं होतं. आईला घर हवंय की त्या घराभोवतीची माणसं, हे त्याने विचारलंच नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

काकूंचा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला. त्याच भाड्यातून दोन गल्ल्या सोडून लिफ्टच्या इमारतीत लहान घर भाड्यानं घेतलं, वरचा फरक मुलगा भरतो. सकाळ-संध्याकाळ एक बाई येते.

सगळ्यांना हे जमेल असं नाही. काहींना ज्येष्ठांसाठीची वसाहतच मानवते. तिथे आधी महिनाभर राहून बघा, मगच डिपॉझिट भरा. मध्येच सोडलं तर किती परत मिळतं, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, हे लेखी घ्या. अनेक ठिकाणी स्वतःचं स्वतः करता येणाऱ्यांनाच प्रवेश असतो. मुलाकडे जाणार असाल तर तिथे आपली खोली कुठली, स्वयंपाकघरात हात घालायचा की नाही, हे सामान हलण्याआधी बोला.

आणि घाईने मुलांच्या नावे घराचं बक्षीसपत्र करू नका. करायचंच असेल तर सांभाळाची अट दस्तातच लिहा; २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, ती अट मोडली तर न्यायाधिकरणाकडून हस्तांतरण रद्द करून घेता येतं. हे सांगताना मुलांचे चेहरे उतरतात. उतरू देत. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

काकूंचा मुलगा अजूनही मधूनमधून पुण्यातल्या फ्लॅटचे फोटो पाठवतो. "बघून ठेवते," असं काकू कळवतात, आणि या खेपेला त्यांनी तिथे खाली बाजार आहे का, एवढं विचारलंय.