राउटर बंद-चालू करूनही घरच्या इंटरनेटचा आयपी ॲड्रेस तोच येतो, बदलायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की एका साइटने तुमचा आयपी ब्लॉक केलाय, राउटर दोनदा बंद-चालू केला, कॉम्प्युटरवर रिलीज-रिन्यूच्या कमांडही दिल्या, तरी ॲड्रेस जुनाच दिसतो. यात दोन वेगळ्या ॲड्रेसची गल्लत होतेय.

आयपीकॉन्फिग /रिलीज आणि /रिन्यू या कमांडचा संबंध फक्त घरातल्या ॲड्रेसशी आहे. तो बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतो आणि तुमच्या राउटरनेच दिलेला असतो. साइटला दिसतो तो राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा ॲड्रेस, आणि तो इंटरनेट कंपनीकडून येतो. त्यामुळे जे करायचं ते राउटरवर.

ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नाहीतर आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा असेल तो). स्टेटस किंवा वॅन या भागात दोन गोष्टी बघा: वॅन आयपी कोणता आहे, आणि कनेक्शनचा प्रकार काय लिहिलाय, पीपीपीओई की डायनॅमिक आयपी. स्टॅटिक लिहिलं असेल तर खालचं काहीच करू नका. तो ॲड्रेस कंपनीने तुमच्या नावावर कायमचा लावलेला असतो आणि कंपनीच तो बदलू शकते.

पीपीपीओई असेल, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरलेला असेल, तर काम सोपं आहे. प्रत्येक नव्या लॉगिनला कंपनीचा सर्व्हर बहुधा मोकळ्या ॲड्रेसमधून एक देतो. मात्र प्लग उपटू नका, पानावरचं डिस्कनेक्ट बटण दाबा. बटण दाबल्यावर राउटर सर्व्हरला ‘सेशन संपलं’ असं कळवतो. वीजच काढली तर तो निरोप जात नाही, सर्व्हरला जुनं सेशन चालूच आहे असं वाटत राहतं, आणि लगेच लॉगिन करायला गेलात तर काही ठिकाणी थोडा वेळ लॉगिनच नाकारलं जातं. डिस्कनेक्ट, दोन-तीन मिनिटं थांबा, मग कनेक्ट.

डायनॅमिक आयपी, म्हणजे डीएचसीपी असेल तर अडचण खरी इथे आहे, आणि तुमचं कनेक्शन याच प्रकारचं असावं असं मला वाटतं. डीएचसीपीत ॲड्रेस ठरावीक मुदतीसाठी मिळतो, त्याला लीज म्हणतात. निम्मी मुदत झाली की राउटर स्वतःच ती वाढवून घेतो. लीज २४ तासांची असेल तर पाच मिनिटं राउटर बंद ठेवून काहीच होत नाही, परत आल्यावर सर्व्हर त्याच मॅक ॲड्रेसला (म्हणजे राउटरच्या नेटवर्क-ओळख क्रमांकाला) तोच आयपी देतो. पानावर रिलीजचं बटण असतं, पण त्यानेही खात्री नाही, कारण आयपी मोकळा झाला तरी सर्व्हर जुनी नोंद ठेवून शक्यतो तोच परत देतो. लीजची उरलेली मुदत बहुधा स्टेटसमध्ये दिसते. रिलीज करून राउटर तेवढ्यापेक्षा जास्त वेळ बंद ठेवा. मधल्या काळात तो आयपी दुसऱ्या कुणाला गेला तर तुम्हाला नवा मिळेल.

एवढं थांबायचं नसेल तर वॅनचा मॅक बदला. राउटरमध्ये मॅक क्लोन नावाची सोय असते. आधी मूळ मॅकची १२ अक्षरं कागदावर लिहून ठेवा, मग फक्त शेवटची दोन बदला. पहिल्या जोडीला हात लावणारच असाल तर तिचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई ठेवा. तिथे विषम आकडा पडला तर तो मॅक चालतच नाही. सेव्ह केल्यावर मोडेम वेगळा असेल तर त्याचीही वीज काढा, कारण केबल मोडेम पहिला दिसलेला मॅक धरून बसतो. आधी मोडेम लावा, दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर. काही कंपन्या कनेक्शन मॅकला बांधून ठेवतात. तिथे नवा मॅक टाकताच नेट बंद पडेल, तेव्हा कागदावरचा मूळ मॅक परत भरायचा. काही ठिकाणी आयपी मॅकवरून नाही, तर तुमच्या लाइनच्या पोर्टवरून ठरतो. तिथे यातलं काहीच लागू पडत नाही, कंपनीला फोन करणं हाच मार्ग.

आता वॅन आयपी आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आयपी यांची तुलना करा. दोन्ही वेगळे असतील आणि वॅन १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे. ब्लॉक कदाचित दुसऱ्याच घरामुळे लागला असेल. राउटरवर कितीही खटपट केली तरी बाहेरचा आयपी बदलेलच असं नाही. कंपनीकडे सरळ ‘सार्वजनिक आयपी हवा’ अशी मागणी करा.

साइटवर दिसणाऱ्या ॲड्रेसमध्ये अपूर्णविरामासारखे एकाखाली एक दोन ठिपके (:) असतील तर तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब ॲड्रेस आहे. त्याचा शेवटचा अर्धा भाग तुमचं उपकरण आपणहून बदलत असतं, पण पहिला अर्धा कंपनीकडून येतो आणि ब्लॉक सहसा त्यावरच लावतात. त्यामुळे आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा, चार आकड्यांचा) आणि आयपीव्ही६ दोन्ही वेगवेगळे तपासा, एक बदलून दुसरा तसाच राहिला तर उपयोग नाही.

एक कळकळीची विनंती: राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट करू नका. आयपी त्याने बदलत नाही, पण पीपीपीओईचा पासवर्ड आणि फायबरची व्हीलॅन (कंपनीच्या जाळ्यात तुमची लाइन ओळखणारा क्रमांक) सेटिंग पुसली जाते आणि घर नेटशिवाय राहतं.

खरं तर हे सगळं करण्याआधी फोनचा हॉटस्पॉट लावून तीच साइट उघडून बघा, त्याच ब्राउझरमधून. तिथेही ब्लॉक दिसला तर कारण आयपी नाही, तुमचं खातं किंवा कुकी (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली खूण) आहे. आणि नवा आयपीसुद्धा एक-दोन दिवसांत ब्लॉक झाला, तर घरातलंच एखादं उपकरण तुमच्या नकळत स्पॅम पाठवत असण्याची दाट शक्यता आहे. एकेक उपकरण नेटवरून काढून बघा. जुना सीसीटीव्ही कॅमेरा आणि कधीच अपडेट न केलेला टीव्ही बॉक्स यांच्यापासून सुरुवात करा.