मुख्य खेळाडूचा फॉर्म गेला की अख्खी बास्केटबॉल टीम का ढेपाळते, आणि प्रशिक्षकाने काय करावं?

तुम्ही विचारलंय की टीमचा सगळ्यात मोठा स्कोअरर गेले पाच-सहा सामने चाचपडतोय आणि बाकीच्यांच्या खेळातलीही जान गेलीय. असं का होतं आणि प्रशिक्षकाने सुरुवात कुठून करावी.

स्टारचे शॉट चुकतात म्हणून टीम खचते, हे अर्धंच खरं आहे. शॉट चुकायला लागले की कोणी शॉट घ्यायचा, बॉल कुणाकडे जायचा, कुणाची चूक खपते आणि कुणाची नाही, हे सगळं धूसर होतं. टीम खचते ती या धूसरपणामुळे. ज्या टीममध्ये हे आधीपासून पक्कं असतं, ती स्टारच्या वाईट रात्रीतूनही तरून जाते. २०१० च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) फायनलच्या सातव्या सामन्यात लेकर्सचा स्टार कोबी ब्रायंटचे २४ पैकी फक्त ६ शॉट पडले. पण त्याने १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) घेतले, फाउल मिळवून फ्री थ्रो कमावले. पाउ गॅसोलने १९ गुण आणि १८ रिबाउंड घेतले, रॉन आर्टेस्टने २० गुण केले आणि लेकर्सनी बोस्टनला ८३-७९ हरवलं. २०२२ च्या फायनलच्या पाचव्या सामन्यात गोल्डन स्टेटचा स्टार स्टीफन करीने तीन गुणांचे ९ शॉट घेतले, एकही पडला नाही. तरी डिफेंडर त्याला सोडायला तयार नव्हते, त्यामुळे इतरांना जागा मिळत राहिली. त्याचा सहकारी अँड्र्यू विगिन्सने २६ गुण आणि १३ रिबाउंड केले आणि गोल्डन स्टेट १०४-९४ जिंकली. दोन्ही रात्री कोणीही आपलं नेहमीचं काम सोडलं नव्हतं.

बिघडतं तेव्हा ते कोर्टवर दोन प्रकारे दिसतं.

पहिला प्रकार मायेपोटी होतो. कॉर्नरला मोकळ्या उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातात बॉल येतो, समोर कोणी नाही, तरी तो क्षणभर थांबतो आणि बॉल परत स्टारकडे देतो, 'त्याची लय लागू दे' म्हणून. तेवढ्यात डिफेंडर पोहोचतो, शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायची मुदत दाखवणारं घड्याळ) पाच-सहा सेकंद उरतात आणि स्टारला तोंडासमोर दोन हात असताना बॉल फेकावा लागतो. स्कोअरशीटवर चूक लागते स्टारच्या नावावर. शॉट बिघडवलेला असतो कॉर्नरवाल्याने. असं तीन-चारदा झालं की स्टारलाही वाटायला लागतं की सगळे फक्त माझ्याकडे बघतायत, आणि कॉर्नरवाल्याचा स्वतःचा हातही थंड पडतो.

दुसरा प्रकार उलटा: न बोलता वाळीत टाकणं. गार्ड बॉल घेऊन दर वेळी दुसऱ्या बाजूने जातो, स्टार रिकाम्या बाजूला उभा राहतो, त्याला स्क्रीन लावायला (त्याच्या डिफेंडरची वाट अडवून उभं राहायला) कोणी जात नाही. प्रतिस्पर्ध्यांना हे दोन मिनिटांत कळतं. स्टारचा डिफेंडर सरळ बास्केटखाली येऊन मदतीला उभा राहतो आणि तुमची टीम पाच जणांविरुद्ध चार जणांनी खेळायला लागते. मग ड्राइव्ह अडतात, टर्नओव्हर (बॉल गमावणं) वाढतात. आधी फक्त एकाची टक्केवारी पडली होती, आता सगळ्यांची पडते. दोन्ही प्रकार एकाच टीममध्ये एकाच आठवड्यात दिसू शकतात. अर्धे खेळाडू एक करतात, अर्धे दुसरं, आणि तिथून कुजबुज सुरू होते.

मनोबल पडल्याची खूण आक्रमणात शोधू नका. ती डिफेन्समध्ये आधी दिसते, आणि व्हिडिओवर स्पष्ट दिसते. स्टारचा शॉट चुकतो, तो हात पसरून रेफ्रीकडे बघतो आणि दीड-दोन सेकंद उशिरा मागे फिरतो. प्रतिस्पर्धी तेवढ्यात फास्ट ब्रेकवर (झटपट उलट हल्ल्यात) एक माणूस जास्तीचा मिळवतात आणि सोपा लेअप (अगदी बास्केटजवळचा शॉट) घेतात. जो सहकारी जीव तोडून मागे पळाला होता, त्याच्या डोक्यावरून तो लेअप जातो. पहिल्यांदा तो गप्प बसतो. तिसऱ्यांदा तोही रमत-गमत येतो. त्यानंतर डिफेन्समधली बडबड थांबते: 'स्क्रीन डावीकडे', 'बॉल माझा', 'मागे हेल्प आहे' हे आवाज बंद होतात. पाच जण गप्प राहून डिफेन्स करत असतील तर रोटेशन (एकमेकांची जागा भरायला सरकणं) अर्धा सेकंद उशिरा होतं, आणि चांगल्या शूटरला अर्धा सेकंद पुरेसा असतो. माझ्या मते प्रशिक्षकाने सगळ्यात आधी ऐकायचा तो हा आवाज; टक्केवारी नंतर.

आता निदान. घाई करू नका, कारण बरेचदा जे 'फॉर्म गेला' म्हणून दिसतं ते निव्वळ नशिबाचं वरखाली असतं. तीन गुणांचे ३६ टक्के शॉट पाडणारा खेळाडू सामन्यात आठ शॉट घेत असेल, तर काहीही न बिघडता साधारण सहा-सात सामन्यांत एकदा त्याचा फार तर एक पडणार. पाच सामन्यांत ४० शॉट घेतले तर १४-१५ पडायला हवेत, पण १० किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यताही दहात एक इतकी असते. २०१० च्याच फायनलमध्ये बोस्टनच्या रे ॲलनने दुसऱ्या सामन्यात तीन गुणांचे ८ शॉट पाडले आणि तिसऱ्या सामन्यात एकूण १३ शॉट घेऊन एकही पडला नाही. मधल्या दोन दिवसांत तो शूटिंग विसरला नव्हता.

म्हणून शेवटच्या पाच सामन्यांचे सगळे शॉट व्हिडिओवर बसून वहीत लिहा. प्रत्येक शॉटपुढे चार गोष्टी पुरतात: जागा, डिफेंडर किती जवळ होता, शॉटआधी किती ड्रिबल झाले, क्लॉकवर किती सेकंद उरले होते. चुकलेला शॉट कुठे लागला तेही लिहा, हे फार उपयोगी पडतं. रिंगच्या पुढच्या कडेला लागून शॉट आखूड पडत असतील, आणि तेही शेवटच्या क्वार्टरमध्ये, तर बहुतेक पाय थकलेत. अशा वेळी भाषण देण्यापेक्षा मिनिटं कमी करा. चार क्वार्टर मिळून तो ३६ मिनिटं खेळत असेल तर दोन-तीन सामने ३० वर आणा, आणि ही विश्रांती तुकड्यातुकड्यांत द्या. शॉट डावी-उजवीकडे जात असतील तर कोपर किंवा खांदे बास्केटच्या रेषेत नाहीत. मोकळे शॉट नेहमीच्या दराने पडतायत पण एकूण टक्केवारी पडलीय, तर हात ठीक आहे. एक तर शॉटची निवड बिघडलीय किंवा प्रतिस्पर्ध्यांनी डबल टीम (एकावर दोन डिफेंडर) करायला सुरुवात केलीय, आणि तो प्रश्न तुमच्या आखणीचा आहे.

फ्री थ्रो वेगळे बघा. तिथे समोर डिफेंडर नसतो, अंतर बदलत नाही. मैदानी शॉट पडत नाहीत पण फ्री थ्रो ठीक आहेत, तर काळजी कमी. दोन्ही एकदम घसरले असतील तर दुखापत, थकवा किंवा मनावरचा ताण, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता वाढते. मनगट, खांदा, गुडघा फिजिओला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ताण किती खोल जातो याचं सगळ्यात ठळक उदाहरण ऑर्लँडोच्या निक अँडरसनचं. १९९५ च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत, ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे असताना, त्याने सलग चार फ्री थ्रो चुकवले. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, ह्यूस्टनने तो जिंकला आणि पुढे मालिका ४-० अशी घेतली. अँडरसन तोवर ७० टक्क्यांच्या आसपास फ्री थ्रो टाकायचा. १९९६-९७ च्या मोसमात तो ४०.४ टक्क्यांवर आला. एवढ्या खोल गेलेल्या गोष्टीला 'मन खंबीर कर' हा सल्ला पुरत नाही. क्रीडा मानसशास्त्रज्ञ मिळत असेल तर त्याच्याकडे लवकर पाठवा, आणि त्यात कमीपणा नाही हे टीमसमोर आपल्या वागण्यातून दाखवा.

निदान झालं की स्टारशी आधी एकट्याशी बोला, तेही सामन्यानंतर लगेच नको; दुसऱ्या दिवशी, व्हिडिओ समोर ठेवून, दहा मिनिटं. 'तू शॉट मारू नकोस' हे वाक्य टाळा. ते ऐकलेला खेळाडू पुढच्या सामन्यात मोकळा शॉटही सोडतो, आणि मग डिफेंडरला त्याच्याजवळ यायचं कारणच उरत नाही. त्याऐवजी कोणते शॉट हवेत ते नेमकं सांगा: पकडून लगेच टाकलेला मोकळा शॉट, पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या भागात) घुसून घेतलेला लेअप, पोस्टमधला (बास्केटजवळ, तिच्याकडे पाठ करून) त्याचा आवडता टर्न. आणि कोणते काही काळ बंद: चार-पाच ड्रिबल करून मागे सरकत घेतलेला लांबचा दोन गुणांचा शॉट. मग टीमसमोर सगळ्यांना मिळून एकच नियम सांगा: मोकळा आहेस तर शॉट घे, मग तू कोणीही अस, मोकळा शॉट सोडलास तर त्यावर बोलणं होईल, चुकवलास तर होणार नाही. या एका नियमाने वर सांगितलेले दोन्ही प्रकार बऱ्यापैकी आटोक्यात येतात.

याच्याच जोडीला दुसरा नियम: शॉट चुकणं माफ, मागे न पळणं माफ नाही. इथे स्टारला सूट दिली तर बाकी सगळं व्यर्थ. राखीव खेळाडूला ज्या चुकीसाठी बाहेर बसवता, त्याच चुकीसाठी स्टारलाही बसवा. दोन मिनिटंच, पण बसवा. बाकीचे अकरा जण तुमच्या बोलण्यापेक्षा हे बारकाईने बघत असतात.

आखणीत थोडे बदल करता येतात. पहिल्या दोन-तीन चालींत त्याला बास्केटजवळ बॉल मिळेल असं बघा: बॅकडोअर कट (डिफेंडरच्या मागून बास्केटकडे धाव), किंवा त्यानेच स्क्रीन लावून आत वळणं. स्टारने दुसऱ्यासाठी स्क्रीन लावली की दोन्ही डिफेंडर गोंधळतात, कारण त्याला सोडायची हिंमत होत नाही. शॉट न घेताही त्याच्यामुळे सहकाऱ्याला मोकळा शॉट मिळतो आणि तो बेंचवरच्या सगळ्यांना दिसतो. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला, प्रतिस्पर्ध्यांचे राखीव खेळाडू कोर्टवर असताना, त्याला चार-पाच मिनिटं द्या.

सरावात त्याचा शॉट मोसमाच्या मधोमध बदलायला जाऊ नका. बास्केटपासून एक मीटरवरून एका हाताने १० पाडायचे. मग तीन मीटरवर पाच जागा, प्रत्येक जागी १० शॉट, ७ पडले तरच एक पाऊल मागे. शेवटी दोन स्प्रिंट मारून दमलेल्या अवस्थेत १० फ्री थ्रो. पाऊण तास पुरे. रात्री उशिरापर्यंत पाचशे शॉट मारत बसणारा खेळाडू मेहनती दिसतो, पण पाय थकलेले असतील तर तो आखूड शॉटचीच सवय लावून घेतो.

बेंचवर बसवावं का? मोकळे शॉट पडत नाहीत आणि डिफेन्सही ढिला झालाय, हे आठ-दहा सामने टिकलं तर सुरुवातीच्या पाचातून काढायला हरकत नाही. पण त्याला ते तुमच्या तोंडून, टीमच्या आधी कळायला हवं, आणि त्याचं काय कायम राहणार आहे तेही: किती मिनिटं, शेवटची पाच मिनिटं तो कोर्टवर असणार का. गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनला फेब्रुवारी २०२४ मध्ये, कारकिर्दीच्या पहिल्या मोसमानंतर प्रथमच, राखीव म्हणून उतरवलं गेलं. त्या सामन्यात त्याने यूटाविरुद्ध ३५ गुण केले. दर वेळी इतकं सुंदर जमणार नाही, पण बेंच म्हणजे शिक्षाच असं नसतं.

सगळ्यात महाग पडते ती जाहीरपणे केलेली दोषारोपाची भाषा. २०२१ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) फिलाडेल्फियाच्या बेन सिमन्सचे फ्री थ्रो ३४ टक्क्यांवर आले होते, आणि अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात बास्केटखाली सोपी संधी असताना त्याने पास दिला. हरल्यानंतर पत्रकारांसमोर प्रशिक्षक त्याच्या पाठीशी ठामपणे उभा राहिला नाही, आणि टीमच्या दुसऱ्या स्टारने तोच क्षण निर्णायक म्हणून दाखवला. सिमन्स फिलाडेल्फियाकडून पुन्हा एकही सामना खेळला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ब्रुकलिनला गेला. दोष फक्त त्या बोलण्याचा नव्हता, पण परतीची वाट अरुंद झाली ती तिथे. बाहेर बोलताना 'मोकळे शॉट मिळतायत, तो घेत राहील' एवढंच बोला. टीममध्येही त्याच्याशी या विषयावर बोलायला एकच माणूस ठरवा, शक्यतो वयाने किंवा अनुभवाने मोठा. सगळे मिळून धीर द्यायला लागले की त्याला स्वतःची कीव येते.

पुढचे दोन-तीन सामने गुणांखेरीज तीन गोष्टी मोजा, राखीव खेळाडूंपैकी कुणालाही वही देऊन: शॉट चुकल्यावर तीन सेकंदांत किती जण अर्ध्या रेषेच्या मागे आले, किती मोकळे शॉट सोडले गेले, आणि कोणी पडलं तर उठवायला किती जण गेले. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एनबीएच्या टीमांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की मोसमाच्या सुरुवातीला जे खेळाडू एकमेकांना टाळी, मिठी, पाठीवर थाप जास्त देत होते, त्यांच्या टीम पुढे जास्त चांगल्या खेळल्या. वहीतले हे तीन आकडे सुधारत असतील आणि स्टारचे शॉट अजून पडत नसतील, तर आखणी आहे तशीच चालू ठेवा. आकडे सुधारत नसतील तर अडचण स्टारच्या शॉटमध्ये नाही. मग मोकळ्या शॉटचा आणि मागे पळण्याचा नियम तुम्ही खरंच सगळ्यांना सारखा लावताय का, ते तपासा.