सेकंडहँड जीटी८६ घ्यावी का? २०० अश्वशक्तीत भागतं का?

तुम्ही विचारलंय की कमी बजेटमध्ये हौसेची गाडी म्हणून टोयोटा जीटी८६ची पहिली पिढी घ्यावी का, तिचे फायदे-तोटे काय. आणि खाली जोडलंय, 'सगळे म्हणतात तिच्यात दम नाही.' हे 'सगळे' मला चांगले माहीत आहेत. त्यातले एक माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत.

दाजींकडे टर्बो हॅचबॅक आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी, मागे उघडणाऱ्या दाराची छोटी गाडी. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, माझ्या गाडीपेक्षा अश्वशक्ती बरीच जास्त आणि वजनही जास्त. मी जीटी८६ घेतली त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद: 'सिग्नलला मागे राहते ती कसली रे स्पोर्ट्स कार?' आकडे त्यांच्या बाजूने आहेत. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला ० ते १०० ला ७.६ सेकंद लागतात, हे कंपनीच सांगते. आजकाल साध्या फॅमिली गाड्याही तेवढ्या पळतात.

दम नाही या तक्रारीतला खरा भाग मात्र वेगळाच आहे, आणि तो दाजींना कधी सापडला नाही. साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीत, खड्डा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चाललोय, पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचंय, पाय दाबला, तर गाडी आधी विचार करते आणि मग निघते. पूर्ण टॉर्क २०५ न्यूटन मीटर, तोही ६,४०० आरपीएमच्या पुढे. पूर्ण २०० अश्वशक्ती ७,००० ला. म्हणजे गिअर खाली टाकायचा आणि इंजिनाला ओरडू द्यायचं. ज्याला याचाच कंटाळा येतो त्याने ही गाडी घेऊ नये, विषय संपला.

शेवटी ताईच वैतागून म्हणाली, 'दोघं जाऊन एकदाचं मिटवून या.' म्हणून आम्ही एका ट्रॅक डेला गेलो, म्हणजे रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस. पहिल्या सत्रात दाजींनी सरळ पट्ट्यावर मला आरामात मागे टाकलं आणि पिटमध्ये आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा! दुसऱ्या सत्रापर्यंत ऊन तापलं होतं. टर्बो इंजिनाला हवा गार लागते. ती हवा गार करणारा इंटरकूलर तापला की इंजिन स्वतःला सांभाळायला ताकद आवरतं. त्यात त्यांचे पुढचेच दोन टायर गाडी वळवणार, तेच ओढणार आणि ब्रेक लागला की जास्तीत जास्त भारही तेच झेलणार. प्रत्येक वळणावर त्यांच्या गाडीचं नाक वळणाच्या बाहेर जायला लागलं. तिसऱ्या सत्रात मी वळणांच्या सगळ्या टप्प्यात त्यांच्या बंपरला चिकटून होतो, आणि मग त्यांनी खिडकीतून हात काढून मला पुढे जायची खूण केली. ती खूण मी विसरलेलो नाही. ताईलाही विसरू देत नाही.

कारण सोपं आहे. माझी गाडी साधारण १,२४० किलोची. ही गाडी टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली; सुबारूचं बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेलं, खूप खाली बसवलेलं, पुढे-मागे भार ५३:४७, आणि ताकद मागच्या चाकांना. टायर २१५ मिलिमीटर रुंदीचे, टोयोटाच्याच प्रियस या साध्या हायब्रिड गाडीसाठीही मिळायचे तेच मिशेलिन! यावर दाजी पोट धरून हसतात. पण ते मुद्दाम दिलेत. पकड थोडी कमी, म्हणून गाडी घसरायला लागण्याची मर्यादा भलत्या वेगाला न येता आधीच येते, आणि येताना सांगून येते. चारशे अश्वशक्तीच्या गाडीत निम्मी ताकद नुसती बाळगायची असते. इथे असलेली सगळी वापरता येते. हे मी त्यांना कितीदा सांगितलं, आता तुम्हाला सांगतोय.

निष्पक्ष राहायचं तर हेही लिहितो: मी ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून गेलो होतो, दाजी तसेच आले होते. शिवाय मूळ गाडीला वेगळा ऑइल कूलर नाही, त्यामुळे माझंही एक लक्ष तेलाच्या तापमानावर होतंच.

आता तुमचं काम. मागच्या सीटवर मोठा माणूस बसत नाही. ती पाडून सामान ठेवायची जागा समजा, टायरचा सेटसुद्धा मावतो. आत टायरचा आवाज भरपूर, लांबच्या प्रवासात डोकं उठतं. स्पार्क प्लग बदलणं कटकटीचं, कारण बॉक्सर इंजिनात ते दोन्ही बाजूंना चेसिसच्या भिंतीशी असतात. थंड गाडीत दुसरा गिअर अडतो का, क्लच सोडल्यावर बेअरिंग किरकिरतं का, ते बघा. पेट्रोल पंपाची रातकिड्यासारखी किरकिर बऱ्याच गाड्यांत असते, तिला घाबरू नका. सुरुवातीच्या, २०१२-१३च्या गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झालं का आणि कुणी केलं, याचे कागद मागाच, कारण त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. मागचे टायर नवे आणि पुढचे झिजलेले दिसले, तर आधीच्या मालकाने ड्रिफ्टिंग (मागची चाकं मुद्दाम घसरवत चालवणं) केलंय का, ते सरळ विचारा.

बजेट ताणता येत असेल तर दुसऱ्या पिढीची जीआर८६ बघा. इंजिन २.४ लिटरचं, २५० न्यूटन मीटर टॉर्क ३,७०० लाच मिळतो, म्हणजे वर सांगितलेला खड्डा बुजला.

घरात मुलं असतील आणि ही एकच गाडी असेल तर मात्र हॅचबॅक घ्या. तिच्यात पाच माणसं बसतात. दाजींनी एवढा एक मुद्दा आधी काढला असता तर ट्रॅकवर जायची वेळच आली नसती.