डिस्क आचके देतेय? आधी कॉपी, मग बाकीचं

पहिलं म्हणजे एफएससीके (लिनक्समधली फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. ती कमांड डिस्कवर लिहिते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे आगीत तेल. टकटक आवाज येत असेल तर वीजच काढा. तिथे कुठलीही कमांड कामाची नाही, लॅबच गाठावी लागते.

आवाज नसेल तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे डिस्कच्या नीट वाचता न आलेल्या छोट्या तुकड्यांचा, आकडा बघा. शून्याहून जास्त असेल तर वेळ दवडू नका. डिस्कची हुबेहूब प्रत काढणारी साधी डीडी कमांड पहिल्याच खराब सेक्टरवर थांबते, म्हणून ग्नू डीडीरेस्क्यू वापरा. डेबियन-उबंटूवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, इथे नवखे हमखास गोंधळतात. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग नवी जागा, शेवटी मॅपफाइल (कामाची नोंदवही), असा क्रम. तो उलटा झाला तर चांगल्या डेटावर स्वतःच्या हाताने बोळा फिरवाल, म्हणून जोडलेल्या डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये मॉडेल आणि साइज दोनदा ताडून पाहा. (मी तीनदा पाहतो. का, ते विचारू नका.)

मॅपफाइल विसरलात तर सगळं मुसळ केरात. काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद तिच्यातच असते. मध्येच लाइट गेली तरी तीच कमांड तिथूनच पुढे सुरू होते. पहिल्या फेरीला ‘डॅश एन’ लावा, म्हणजे सोपा भाग आधी हाती लागतो. हट्टी सेक्टरांसाठी नंतर ‘डॅश डी’ (डिस्क थेट वाचायला) आणि ‘डॅश आर ३’ (आणखी तीन फेऱ्या).

फाइली शोधायला फोटोरेक किंवा टेस्टडिस्क ही डेटा परत मिळवणारी साधनं चालवा, पण इमेजवर, म्हणजे आत्ता काढलेल्या प्रतीवर. त्यातही टेस्टडिस्क इमेजवर लिहूही शकतं, म्हणून त्यासाठी इमेजची आणखी एक प्रत काढा.