हिमनदीवरील पहिल्या स्की-भ्रमंतीपूर्वी

पहिला निर्णय आदल्या संध्याकाळीच घ्यावा लागतो: हिमस्खलनाच्या इशाऱ्याची पातळी पाचपैकी ३ किंवा अधिक असेल, तर ३० अंशांहून तीव्र उतार त्या दिवसापुरते टाळावेत, मग आकाश कितीही निरभ्र असो. निघावे पहाटेच, कारण रात्री गोठून घट्ट झालेला बर्फ उन्हाने मऊ होतो आणि हिमनदीतल्या खोल भेगांवरचे हिमपूल, म्हणजे त्या झाकणारे बर्फाचे थर, हेही त्याबरोबर कमकुवत होतात.

हार्नेस, म्हणजे दोर जोडण्याचा कमरेचा पट्टा, हिमनदीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच चढवावा. दोराबाबत नवख्यांचा गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जिथे भेगा बर्फाखाली झाकलेल्या असतात तिथे चढताना दोन व्यक्तींमध्ये साधारण १० ते १५ मीटर अंतर ठेवावे आणि दोर सैल पडू देऊ नये. दोघेच असाल तर हे अंतर आणखी वाढवावे. उतरताना अनुभवी मंडळी बहुधा दोर सोडतात, कारण एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत वळणे घेणे जिकिरीचे असते. तथापि धुके दाटले असेल, तर सावकाश दोरानेच उतरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. विश्रांतीसाठी थांबल्यावरही स्की काढू नयेत, कारण त्यांच्यामुळे वजन विभागले जाते, तर नुसता बूट हिमपुलातून आरपार जाऊ शकतो.

ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा शोध घेणारे रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे असावे. ते वापरण्याचा सराव मात्र आधीच झालेला हवा, कारण गाडल्या गेलेल्या व्यक्तीची वाचण्याची शक्यता मिनिटांच्या हिशेबाने घटते. चढणीच्या स्किन, म्हणजे चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला गोंदाने चिकटवायच्या पट्ट्या, काढल्यावर जॅकेटच्या आत ठेवाव्यात. गारठलेला गोंद पुढच्या चढाला चिकटत नाही.