यंत्रांसह होणारी परफॉर्मन्स आर्ट पहिल्यांदा बघताय? एवढं सांभाळा

परफॉर्मन्स आर्टमध्ये कलाकार स्वतःच, त्याची कृतीच, कलाकृती असते. ‘हा काय वेडेपणा!’ असं वाटलं तर वाटू द्या, पण लगेच उठून जाऊ नका. वफा बिलाल या इराकी कलाकारापासून सुरुवात करा. 2007 मध्ये तो शिकागोच्या एका गॅलरीत महिनाभर राहिला. समोर रंगाच्या गोळ्यांची बंदूक, आणि ती इंटरनेटवरून कुणीही झाडावी! 60 हजारांहून जास्त गोळ्या सुटल्या, खोली पिवळीजर्द झाली. त्याचा भाऊ इराकमध्ये अमेरिकी हल्ल्यात गेला होता, हे कळलं की तो पिवळा रंग अंगावर येतो.

सध्या दोनच प्रश्न विचारा:
- बटण कुणाच्या हातात आहे?
- यंत्र काढलं तर काय उरतं?

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मोबाइलवर क्लिप बघून मत ठोकणं. नाशिकच्या शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगपंचमीचा रंगीत पाण्याचा हौद, काठावरून कळते का? आत उडी घेऊन धप्पा मारावाच लागतो. सिद्धांतांची पुस्तकं नंतर.